कारखान्याच्या काट्यावर मल्टिकास्ट

साखर कारखान्यात काट्यावरचा, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथला, कॅमेरा म्हणजे एक वेगळंच प्रकरण असतं, तो सगळ्यांना बघायचा असतो. काटा क्लार्कला, केन यार्डच्या (उसाच्या गाड्या थांबतात त्या आवाराच्या) सुपरवायझरला, शेती खात्याला, सिक्युरिटीला, चीफ इंजिनिअरना, एमडीसाहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीवर, आणि ह्या कारखान्यानं तर ठरवलेलं की ऊस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसाठी पण काट्याच्या बाहेर एक स्क्रीन लावायची. काटामारीची ओरड आपल्याकडे दर हंगामाला असतेच, तर बघा बाबा तुमच्या डोळ्यांनी काय चाललंय ते. कल्पना चांगलीच होती, फक्त एका कॅमेऱ्याकडे सात जणांनी एकदम चित्र मागायला सुरुवात केल्यावर कॅमेऱ्यानं हात वर केले.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला कारखाना आहे, नाव सांगत नाही. ५४ आयपी कॅमेरे आणि बॉयलर-मिल हाऊसच्या बाजूला जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे, ते चार-चॅनेलच्या दोन एन्कोडरवर (अ‍ॅनालॉग चित्र नेटवर्कवर आणणाऱ्या डब्यांवर) घेतलेले, म्हणजे एकूण ६२ चित्रं. मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आधी हे सगळं नीट करून द्यायचं म्हणून मला बोलावलं. कॅमेरे बसवलेले माझे नव्हते, मी नेटवर्कचं काम बघतो.

आधी अडचण काय होती ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे युनिकास्टमध्ये, प्रत्येक बघणाऱ्याला कॅमेरा वेगळी कॉपी पाठवतो. काट्याचा मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, ४ एमबीपीएसचा (सेकंदाला ४ मेगाबिट), बघणारे सात आणि रेकॉर्डर आठवा, म्हणजे ३२ एमबीपीएस. कॅमेऱ्याचा पोर्ट १०० चा असतो, त्याला ३२ काही जड नाही, पण आतल्या छोट्या प्रोसेसरला तेच पॅकेट आठ वेळा पाठवत बसावं लागतं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये एका वेळी किती जणांना स्ट्रीम द्यायचा ह्याला मर्यादाच घातलेली असते. त्यामुळे आठव्याला काळी स्क्रीन. आणि नेमका आठवा कोण ते नशिबावर, एखाद्या दिवशी एमडीसाहेब असायचे.

मल्टिकास्टमध्ये कॅमेरा एकच कॉपी एका ग्रुपच्या पत्त्यावर सोडतो, ज्याला बघायचंय त्यानं त्या ग्रुपमध्ये सामील व्हायचं, कॉप्या काढायचं काम स्विच करतात. बघणारे सात असोत की सत्तर, कॅमेऱ्यावरचा भार तेवढाच. आयपीव्ही४ मध्ये ह्यासाठी २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवलेत, आणि आपल्या खाजगी नेटवर्कसाठी त्यातला २३९ नं सुरू होणारा भाग वापरायचा. कॅमेऱ्याच्या पानावर ह्यासाठी एक टिक असते, एक पत्ता, एक पोर्ट नंबर आणि एक टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकेल तो आकडा), बास. म्हणूनच सगळ्यांना वाटतं की दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या आधी तिथं कुणीतरी तसंच समजून सगळ्या कॅमेऱ्यांना टिक मारून ठेवलेली आणि त्यानंतर कॅमेऱ्यांची पानंच उघडेनात म्हणून परत काढून टाकलेली. ते का झालं त्यावर येतोच.

सुरुवात मात्र मल्टिकास्टपासून केली नाही, साध्या नेटवर्क सेटिंगपासून केली, कारण तिथंच निम्मा गोंधळ होता. काही कॅमेरे अजून डबीतून काढल्या काढल्या जो पत्ता असतो त्याच्यावरच होते. बाजारातल्या कॅमेऱ्यांचे हे पत्ते ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना पाठच असतात, हिकव्हिजनचा १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८, जुन्या अ‍ॅक्सिसचा १९२.१६८.०.९०. असे चार कॅमेरे एकाच वेळी चालू केले की चौघे एकाच पत्त्यावर, मग पान उघडतं पण कुणाचं उघडलंय ते देवाला माहीत. त्यामुळे एकेक कॅमेरा वेगळा काढून, लॅपटॉपला त्याच रेंजमधला पत्ता देऊन, पत्ता बदलून परत जागेवर. आणि दर वेळी लॅपटॉपची एआरपी कॅश, म्हणजे कोणता आयपी कोणत्या मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्याचा त्याची नोंद, पुसायची, नाहीतर लॅपटॉप आधीच्याच कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्याला हाका मारत बसतो आणि आपण उगाच केबल हलवत बसतो.

कॅमेऱ्यांसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क, केलं, ३० नंबरचं, आणि पत्ते १०.३०.१.० च्या रेंजमध्ये जागेप्रमाणे वाटले. काट्याचे ११ पासून, गव्हाणीचे (ऊस टाकतात तिथले) २१ पासून, मिल हाऊसचे ३१ पासून, साखर गोदामाचे ५१ पासून असे. डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद, सगळे पत्ते स्थिर. गेटवे, म्हणजे व्हीलॅनबाहेर जायच्या वाटेचा पत्ता, भरायचा हे पुष्कळ जण विसरतात, त्याच व्हीलॅनमधून बघितलं तर कॅमेरा झकास दिसतो आणि ऑफिसच्या व्हीलॅनमधून पिंगसुद्धा लागत नाही, मग राउटिंगमध्ये दोष शोधायला निघतात. स्पीड-डुप्लेक्स ऑटोवर. मिल हाऊसकडच्या एका लाइनवर कुणीतरी एका बाजूला १०० फुल असं पक्कं करून ठेवलेलं आणि दुसरी बाजू ऑटोवर, अशा वेळी ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्सवर जाते आणि लोड आला की पॅकेट पडायला लागतात. त्या लाइनवरची चित्रं कायम अडखळायची, त्याचा दोष आजवर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीला दिला जात होता. यूपीएनपी (राउटरमध्ये बाहेरची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद केलं, मोबाइलवर बघायची ती क्लाउडवाली पीटूपी सोय पण बंद केली, त्यावर थोडी नाराजी झाली पण कारखान्याचे कॅमेरे कुणाच्या कुणाच्या मोबाइलवर फिरत होते त्याची यादी दाखवल्यावर सगळे गप्प झाले.

वेळेचं पण इथंच उरकलं. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये टाइम झोन +८ च होता, कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीतून आला तसा. काट्याच्या पावतीवर छापलेली वेळ आणि व्हिडिओवर दिसणारी वेळ जुळली नाही तर तो कॅमेरा भांडणात काय कामाचा. टाइम झोन +५:३० केला आणि सगळ्या कॅमेऱ्यांना वेळ रेकॉर्डरच्या सर्व्हरकडून घ्यायला लावली, आणि सर्व्हर एनआयसी ह्या सरकारी संस्थेच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरकडून घेतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन ह्या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले त्यात एनआयसी किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) ह्यांच्या वेळेशी घड्याळं जुळवून ठेवा असंच सांगितलंय, तेव्हा ऑडिटला पण बरं. काट्याचं सॉफ्टवेअर चालतं त्या पीसीला पण तोच सर्व्हर दिला.

मग मल्टिकास्टचे पत्ते. इथं मी कागदावर बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही.

पहिली गोष्ट, दोन कॅमेऱ्यांना एकच ग्रुप पत्ता आणि एकच पोर्ट चालत नाही. ऐकायला उघड वाटतं, पण एकाच कंपनीचे कॅमेरे डबीतून काढले की पुष्कळदा सगळ्यांत तोच पत्ता भरलेला असतो. तसंच चालू केलं की भरलेल्या गाड्यांच्या काट्याचा आणि रिकाम्या गाड्यांच्या काट्याचा स्ट्रीम एकमेकांत मिसळतो, स्क्रीनवर अर्धी ट्रॉली इकडची अर्धी तिकडची, नाहीतर नुसते हिरवे-करडे चौकोन. पत्ता एक आणि पोर्ट वेगळे ठेवले तर चित्र मिसळत नाही, पण स्विच हा पोर्ट नंबर बघत नाही, तो ग्रुप बघतो, म्हणून एक मागणाऱ्याला दोन्हीचा माल येऊन पडतो.

दुसरी गोष्ट जरा आतली आहे. ग्रुपचा आयपी पत्ता इथरनेटच्या मॅक पत्त्यात उतरवताना त्याचे शेवटचे २३ बिटच जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळे आयपी ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३९.३०.१.११ आणि २३९.१५८.१.११ हे आपल्याला वेगळे दिसतात, मॅकवर बघून काम करणाऱ्या स्विचला एकच. आणि ह्याच हिशोबानं २३९.०.०.काहीतरी किंवा २३९.१२८.०.काहीतरी असे पत्ते अजिबात घ्यायचे नाहीत, ते २२४.०.०.काहीतरी ह्या राखीव पत्त्यांच्या मॅकवर जाऊन बसतात, आणि तो राखीव भाग राउटिंग प्रोटोकॉल वगैरेंच्या कामाचा म्हणून स्विच तो अडवत नाही, सगळ्या पोर्टवर सोडतो. एखाद्याला वाटतं २३९.०.०.१ पासून सुरुवात करू, सुटसुटीत आहे, आणि मग स्नूपिंग (मागेल त्याच पोर्टवर ग्रुप सोडायची स्विचमधली सोय, पुढे येतेच) चालू असून पूर का येतो ते कळत नाही.

मी असं ठरवलं की दुसरा आकडा व्हीलॅनचा, तिसरा आकडा स्ट्रीमचा, १ मेन आणि २ सब (हलक्या दर्जाचा), आणि चौथा आकडा कॅमेऱ्याच्या आयपीचा शेवटचा. म्हणजे १०.३०.१.११ चा मेन स्ट्रीम २३९.३०.१.११ आणि सब स्ट्रीम २३९.३०.२.११. रात्री दोनला फोन आला तरी डोळे मिटून सांगता येतं. पोर्ट सगळ्यांना ५००४ न ठेवता जोडीजोडीनं वेगळे दिले, आणि आरटीपीचा (चित्र वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचा) पोर्ट सम संख्याच घ्यायचा कारण त्याच्या पुढचा विषम पोर्ट त्याचाच सोबती आरटीसीपी घेतो. ऑडिओला आणखी एक पत्ता लागतो, तिथं ऑडिओच बंद होता.

एन्कोडरमध्ये मात्र ही पद्धत बसेना. एन्कोडरचा आयपी एक आणि त्यावर चार चॅनेल, प्रत्येकाचे दोन स्ट्रीम, म्हणजे एका डबीला आठ ग्रुप. तिथं चौथा आकडा चॅनेलप्रमाणे धरला, १०१ ते १०४ आणि दुसऱ्याचे १११ ते ११४. त्यातल्या एका एन्कोडरच्या पानावर गंमत अशी की चॅनेल १ चा पत्ता बदलून सेव्ह केलं की बाकीच्या तीन चॅनेलमध्ये पण तोच पत्ता आपोआप भरायचा, म्हणून १ नंबरपासून सुरू करून ४ पर्यंत जायचं आणि मग परत १ वर येऊन तपासायचं. अ‍ॅनालॉगच्या बाजूला काय करण्यासारखं नव्हतं, ७०४×५७६ आणि २५ फ्रेम, २ एमबीपीएसमध्ये आरामात बसतं. बॉयलरच्या ड्रमवरची पाण्याची पातळी दिसली की ऑपरेटरला पुरतं.

टीटीएल बद्दल एकच वाक्य लिहितो कारण त्यावर माणसं दिवस घालवतात, पुष्कळ उपकरणांत तो १ असतो आणि १ असला की पॅकेट पहिल्या राउटरवरच मरतं, त्याच व्हीलॅनमध्ये दिसतं आणि पलीकडे काही म्हणजे काही जात नाही. मी ८ ठेवला.

आता तपासायचं कसं. लोक व्हीएलसी प्लेअर उघडतात, ग्रुपचा पत्ता आणि पोर्ट टाकतात आणि चित्र येत नाही म्हणून मल्टिकास्ट बंद आहे असं ठरवतात. चित्र येत नाही कारण एच.२६४ चा पेलोड नंबर ९६ वगैरे असा त्या वेळेपुरता ठरवलेला असतो, आत काय आहे ते व्हीएलसीला सांगायला एसडीपी ही वर्णनाची फाइल लागते. काही कॅमेरे ती फाइल उतरवून देतात, ती व्हीएलसीत उघडायची. नाहीतर सरळ वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून त्या ग्रुपची यूडीपी पॅकेट येतात का ते बघायचं, त्याहून खात्रीचं काही नाही. आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप असला तर ग्रुपमध्ये सामील व्हायचा निरोप विंडोज कधी कधी त्या बाजूनं पाठवतं, कारखान्याच्या स्विचला पत्ताच नसतो की कुणाला काही हवंय.

काट्याचे दोन कॅमेरे आधी एका टेबलावर, एका साध्या स्विचवर लावून चालवले. चाललं. काटा क्लार्क अण्णा बघत होते, म्हणाले, "झालं की मग, आता सगळ्यास्नी लावून टाका." तेच तर करायचं नव्हतं.

साध्या स्विचला मल्टिकास्टचं काही कळत नाही, तो ते सगळ्या पोर्टवर सोडतो. ५४ कॅमेरे चारनं आणि एन्कोडरचे आठ चॅनेल दोननं धरले तर २३२ एमबीपीएस होतात, आणि ते प्रत्येक पोर्टवर जायला लागतात, म्हणजे ज्या कॅमेऱ्याचा पोर्ट १०० चा आहे त्याच्यावरसुद्धा. त्यातून कॅमेऱ्याकडे जाणारी कामाची पॅकेट, लॉगिनची, पान उघडायची, रेकॉर्डरची, ती जाणार कुठून. आधीच्या माणसानं टिक मारल्यावर कॅमेऱ्यांची पानं उघडेनात ती ह्यामुळे. तेव्हा म्हणे पॅनेलमधल्या स्विचचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकत होते, तिथल्या वायरमननं मला स्वतःहून सांगितलं, ते ऐकल्यावर आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

ह्यावर उपाय आयजीएमपी स्नूपिंग, आयजीएमपी म्हणजे ग्रुप मागायच्या निरोपांचा प्रोटोकॉल. कोणत्या पोर्टवरच्या यंत्रानं कोणता ग्रुप मागितलाय ते स्विच ऐकतो आणि तेवढ्याच पोर्टवर तो ग्रुप सोडतो. कारखान्यातले स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) होते, फायबरनं कोअरला, म्हणजे मधल्या मुख्य स्विचला, जोडलेले, स्नूपिंगची सोय सगळ्यांत होती, चालू कुठंच नव्हती. व्हीलॅन ३० वर ते सगळीकडे चालू केलं आणि सिक्युरिटी ऑफिसमध्ये काट्याचं चित्र लावलं. एकदम स्वच्छ. चीफ इंजिनिअर पण आले बघायला. मी म्हटलं साहेब चहा सांगा आणि हे चित्र असंच बघत बसा, पाच मिनिटं कुणी हात लावू नका. चहा आला, अर्धा झाला, आणि चार-साडेचार मिनिटांच्या मध्ये कुठंतरी ट्रॉली काट्यावर चढता चढता चित्र थांबलं. परत क्लिक केलं की परत सुरू, परत तेवढ्याच वेळानं बंद.

हे दाखवण्यासाठीच थांबवलं होतं त्यांना, कारण कोअर स्विचवर पुढचं काम करायला त्यांची परवानगी लागणार होती आणि नुसतं तोंडी सांगून ती मिळाली नसती. भानगड अशी आहे की स्नूपिंग नुसतं ऐकतं, कुणाला काय हवं ते विचारायला दुसरं कुणीतरी लागतं, त्याला क्वेरियर म्हणतात. तोडणीच्या फडावर मुकादम जसा हजेरी घेतो तसं हे यंत्र दर १२५ सेकंदांनी विचारतं की कोण कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे, ज्याला हवंय तो उत्तर देतो आणि स्विच ते उत्तर ऐकून नोंद ताजी करतो. विचारणाराच नसेल तर उत्तर नाही, उत्तर नाही म्हणजे साधारण २६० सेकंदांनी स्विच ती नोंद काढून टाकतो, म्हणजे दोन फेऱ्या आणि वर उत्तरासाठीचे १० सेकंद. पहिल्यांदा क्लिक केल्यावर चित्र येतं कारण तेव्हा पीसी स्वतःहून निरोप पाठवतो, त्याच्यानंतर त्याला कुणी विचारतच नाही. चार मिनिटं वीस सेकंद. कुठल्याही साइटवर कुणी सांगितलं की मल्टिकास्ट चालतं आणि चार-एक मिनिटांनी बंद पडतं, तर कॅमेऱ्याला हात न लावता आधी क्वेरियर शोधा. वायरशार्कमध्ये आयजीएमपी एवढंच फिल्टर टाकलं की दिसतं, तिथं पीसीचे निरोप दिसत होते आणि प्रश्न एकही नव्हता.

क्वेरियर कुठल्याही स्विचवर चालू करता येतो पण कुठल्याही स्विचवर करू नये. कारण स्विचेसचा नियम असा की क्वेरियर ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या पोर्टवर सगळा मल्टिकास्ट पाठवायचाच, कुणी मागितला असो नसो. मिल हाऊसच्या टोकाच्या छोट्या स्विचवर क्वेरियर ठेवला तर अख्ख्या कारखान्याचे २३२ एमबीपीएस त्या टोकाकडे पळायला लागतील. म्हणून तो कोअरवर, जिथं सगळ्या लाइनी येतात आणि सगळ्या गिगाबिटच्या आहेत. त्याला व्हीलॅन ३० मधला खरा आयपी दिला, १०.३०.१.१. दुसऱ्या एका मोठ्या स्विचवर राखीव क्वेरियर ठेवला १०.३०.१.२ वर, दोघांत ज्याचा आयपी लहान तो काम करतो, दुसरा गप्प बसतो आणि पहिला गेला की उठतो. आयजीएमपीची आवृत्ती सगळीकडे २ ठेवली. आवृत्ती ३ आहे २००२ पासून, पण शेतकऱ्यांच्या स्क्रीनला लावलेला डीकोडर (नेटवर्कवरचा स्ट्रीम स्क्रीनवर दाखवणारी डबी) जुना होता आणि त्याला २ च्या पुढचं काही कळत नव्हतं, मिसळ करण्यापेक्षा सगळे २ वर बरे.

तसंच स्विचमध्ये एक सेटिंग असतं, ज्या ग्रुपला कुणीच मागितलेलं नाही तो सोडायचा की टाकून द्यायचा. बऱ्याच स्विचमध्ये तो सोडायचा असं असतं, ते टाकून द्यायचं वर केलं. ते केल्यावर कॅमेरे शोधायचं सॉफ्टवेअर रिकामं दिसायला लागलं, एक पण कॅमेरा सापडेना, आणि तिथल्या आयटीच्या पोरानं धावत येऊन सांगितलं की सर सगळे कॅमेरे गेले. गेले नव्हते. ऑनव्हिफ ह्या कॅमेऱ्यांच्या सामायिक मानकाचा शोध २३९.२५५.२५५.२५० ह्या ग्रुपवर ३७०२ पोर्टनं चालतो, तो पण मल्टिकास्टच, आणि त्या स्विचनं तो पण टाकून दिला. तेवढा एक ग्रुप सगळीकडे कायमचा मोकळा ठेवला की काम झालं.

आता ऑफिसचं व्हीलॅन १०, तिकडे एमडीसाहेब आणि शेती खातं. व्हीलॅन बदललं की मल्टिकास्ट आपोआप पलीकडे जात नाही, त्याला वेगळं राउटिंग लागतं, पीआयएम. कोअर लेअर ३ चा (राउटिंग करणारा) होता आणि त्यात पीआयएम स्पार्स होतं, दोन्ही व्हीलॅनवर चालू करून आरपी (स्ट्रीम आणि मागणारे जिथं भेटतात तो राउटर) म्हणून कोअरलाच नेमलं. आणि पीआयएम चालू केलं की त्या व्हीलॅनवर प्रश्न विचारायचं काम कोअर आपणहून करतो, म्हणजे व्हीलॅन १० साठी क्वेरियरचं वेगळं काही करावं लागलं नाही, ऑफिसच्या स्विचवर फक्त स्नूपिंग. हे काम खरं तर सगळ्यात अवघड जाईल असं वाटलेलं आणि सगळ्यात मुकाट्यानं झालं. ऑफिसच्या पीसींवर विंडोजच्या फायरवॉलनं यूडीपी अडवलं, ते मोकळं करून दिलं.

शेतकऱ्यांच्या स्क्रीनचं मात्र चित्र मधूनमधून फाटत होतं. यूडीपीत हरवलेलं पॅकेट परत मागता येत नाही, त्यामुळे एक पॅकेट पडलं की पुढचा आय-फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र असलेली फ्रेम, येईपर्यंत घाण तशीच राहते, आणि ह्या कॅमेऱ्यात आय-फ्रेम दर १०० फ्रेमला एक होता, म्हणजे २५ च्या हिशोबानं चार सेकंद. चार सेकंद ट्रॉलीच्या जागी चौकोन दिसले तर बाहेर उभा असलेला माणूस काय म्हणेल ते सांगायला नको. "चित्र बी काटा मारतंय व्हय रं," असं एकानं म्हटलंच. आय-फ्रेम २५ वर आणला, बिटरेट थोडा वाढवला, आणि मुख्य म्हणजे पॅकेट पडतंय कुठं ते शोधलं, तर उन्हात वाळलेल्या केबलच्या टोकाचा कनेक्टर. तो बदलला.

ह्या बाहेरच्या स्क्रीनवरून मी सुरक्षेचा विषय पण काढला. युनिकास्टला कॅमेरा पासवर्ड मागतो, पण एकदा मल्टिकास्ट वाहायला लागला की जो त्या नेटवर्कला लॅपटॉप लावेल आणि ग्रुपचा पत्ता ओळखेल त्याला पासवर्डशिवाय चित्र मिळतं. आणि ही केबल तर चक्क उघड्यावर आहे. म्हणून त्या पोर्टवर डीकोडरचा मॅक बांधून टाकला आणि फक्त काट्याचे दोन ग्रुप मागता येतील असं फिल्टर लावलं, तिसरा मागितला तर स्विच देत नाही. मॅक नकली करता येतो हे मला पण माहीत आहे, पण मग त्या माणसाला काट्याचंच चित्र मिळेल, जे तसंही समोर भिंतीवर दिसतंय. साखर गोदाम आणि अकाउंट्सचे कॅमेरे मल्टिकास्टवर ठेवलेच नाहीत, ते बघणारे एक-दोन जण, त्यांना युनिकास्ट पुरतं, उगाच सगळं मल्टिकास्ट करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. रेकॉर्डरला पण युनिकास्टच दिला, टीसीपीवर, म्हणजे पॅकेट पडलं तरी परत मागता येतं. पुरावा म्हणून जे साठवायचं त्यात चौकोन नकोत.

केन यार्डचा विषय निघाला तेव्हा मी नाही म्हटलं. तिकडे ऑफिसपासून वायरलेसची लिंक आहे, ५ गीगाहर्ट्झची, आणि वायफायवर मल्टिकास्ट म्हणजे सगळ्यात कमी वेगानं जातो आणि पोचला की नाही त्याची पावती पण मिळत नाही. केबलवर ४ एमबीपीएसला काही वाटत नाही, तोच स्ट्रीम वायरलेसवर सगळी हवा खाऊन टाकतो आणि बाकीचं पण बसतं. काही रेडिओंमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करून पाठवायची सोय असते, ह्यात नव्हती. त्या सुपरवायझरला सब स्ट्रीम युनिकास्टनं दिला, अर्ध्या एमबीचा, नंबर किती लागला तेवढं त्याला दिसतं. त्या लिंकच्या पोर्टवर व्हीलॅन ३० चा मल्टिकास्ट पूर्ण अडवलाय.

जाण्याआधी प्रत्येक स्विचचं कॉन्फिगरेशन सेव्ह केलं आणि फाइल उतरवून घेतली, आणि मग चीफ इंजिनिअरना सांगून मुद्दाम कंट्रोल रूमचा सप्लाय पाडला. साखर कारखान्यात टर्बाइन ट्रिप होणं ही हंगामात कधीही होणारी गोष्ट आहे, तेव्हा काय होतं ते आधी कळलेलं बरं. राखीव स्विच युपीएसवर होता म्हणून उभा राहिला, कोअर उठेपर्यंत प्रश्न विचारायचं काम त्यानं घेतलं आणि कोअर आल्यावर सोडून दिलं, वायरशार्कमध्ये १०.३०.१.२ चे प्रश्न थांबून १०.३०.१.१ चे सुरू झालेले दिसले. पीसीवरची चित्रं आपोआप आली. डीकोडर मात्र उठल्यावर काळाच राहिला, त्याला सुरू होताना पहिलं चित्र स्वतःहून लावायचं सेटिंग वेगळ्या पानावर होतं, ते शोधून टिक मारली.

सगळ्या पत्त्यांचा तक्ता काढून एक प्रत आयटीत आणि एक काटा ऑफिसमध्ये दिली, त्यात कॅमेरा, आयपी, दोन्ही ग्रुप, पोर्ट आणि कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टवर आहे ते. कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदललं की ग्रुपचे पत्ते मूळपदावर जाऊ शकतात, तेव्हा बदलल्यावर आधी तक्त्याशी पडताळा असं त्या पोराला सांगितलंय. केन यार्डकडे ऑफ सीझनला फायबर टाकायचं ठरतंय, त्या कॅमेऱ्यांसाठी ७१ ते ८० चे पत्ते तक्त्यात मोकळे सोडलेत.